वॉल्टरची गटारी

शुगर लँडच्या आमच्या घरात एकच फ्रिज होता आणि सगळी भानगड तिथून सुरू झाली. ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत गराजमध्ये दुसरा फ्रिज असायचा. आमच्या गराजमध्ये बाबांचे रिकामे खोके होते. कधी परत जायचं झालं तर सामान भरायला लागतील, म्हणून टीव्हीपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक वस्तूचा खोका त्यांनी थर्मोकोलसकट जपून ठेवला होता. त्यामुळे ज्या उन्हाळ्यात मी शाळेतला साप घरी आणला, त्या उन्हाळ्यात त्याचं खाणं आमच्या एकुलत्या एका फ्रीझरमध्ये, खोवलेल्या नारळाच्या आणि मटारच्या पाकिटांखाली ठेवावं लागलं. त्याचं खाणं म्हणजे गोठवलेले पांढरे उंदीर. आईने ते आधी झिपच्या पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत आणि मग एका स्टीलच्या डब्यात घातले आणि डब्याला वरून रबर लावलं. डब्यावर मामीचं नाव कोरलेलं होतं, कारण तो आईला कुठल्याशा मंगळागौरीला मिळाला होता. आई म्हणाली, "तिला कधी सांगू नकोस."

सापाचं नाव वॉल्टर. नारिंगी रंगाचा, अंगावर विटकरी ठिपके, लांबी माझ्या हाताएवढी. कॉर्न स्नेक म्हणतात त्या जातीचा, बिनविषारी. तो आमच्या जीवशास्त्राच्या बाई मिसेस ब्रुसार्ड यांच्या प्राणीखोलीत राहायचा. ही प्राणीखोली म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची एक अरुंद खोली. तिथे एक कासव, दोन हॅमस्टर आणि वॉल्टर असत. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई एकेक प्राणी एकेका विद्यार्थ्याकडे देत. जो आपला प्राणी नीट सांभाळून आणेल त्याला पुढच्या वर्षी त्या खोलीची चावी मिळायची, आणि चावी असलेल्याला मधल्या सुट्टीत तिथे बसून डबा खाता यायचा. मला ती चावी हवी होती. कारण सरळ होतं. ठाण्याहून टेक्सासला येऊन मला तीन वर्षं झाली होती, दहावी संपली होती, आणि त्या भल्यामोठ्या कॅफेटेरियात कुठल्या टेबलावर बसायचं हे मला अजून कळलेलं नव्हतं. मी डबा घेऊन उभी राहायचे आणि शेवटी लायब्ररीत जाऊन चोरून पोळीचा रोल खायचे. आज हे लिहिताना वाईट वगैरे काही वाटत नाही, पण तेव्हा रोज साडेअकराची घंटा नकोशी वाटायची हे खरं.

आईने परवानगी दिली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आश्चर्य बाबांना वाटलं. आई साताऱ्याजवळच्या गावात वाढलेली. तिकडे संध्याकाळनंतर सापाचं नावही घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात, आणि ती शेवटपर्यंत त्याला जनावरच म्हणत राहिली. पण ठाण्यात ती बारा वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. इथल्या व्हिसावर तिला काम करता येत नव्हतं, आणि मला वाटतं हाताला काहीतरी नोंदी ठेवण्यासारखं काम मिळतंय हे तिला बरं वाटलं असावं. तसं ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, "वॉशिंग मशीनच्या खोलीत राहील. स्वयंपाकघरात येणार नाही. आणि त्याचं एकही भांडं माझ्या सिंकमध्ये धुवायचं नाही."

मिसेस ब्रुसार्ड यांनी नियमांचा एक कागद लॅमिनेट करून दिला होता. तो आईने मशीनच्या वर भिंतीला चिकटवला. पेटीचं झाकण चिमट्यांनी बंद. पेटीच्या एका टोकाखाली गरम होणारी चटई, दुसरं टोक गार. दर दहा दिवसांनी एक उंदीर, त्याची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा जास्त नको. उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून आतपर्यंत कोमट करायचा, मायक्रोवेव्ह कधीही नाही. द्यायचा तो लांब चिमट्याने, बोटांनी नाही, कारण बोट आणि उंदीर यांतला फरक सापाला वासाने कळतो आणि त्या वेळी दोघांचा वास एकच असतो. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही. पाणी रोज बदलायचं, नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग द्यायचं. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. आईने कागद वाचला आणि म्हणाली, "बाई शिस्तीच्या दिसतात."

पाण्यावरून आमची पहिली फजिती झाली. आईने त्याला स्टीलची वाटी दिली. वॉल्टर वाटीच्या काठावरून गेला, वाटी कलंडली, आणि पेटीतला लाकडाचा भुसा भिजला. दुसऱ्या दिवशी तेच. ओल्या भुश्यावर पडून राहिला तर पोटाखालच्या खवल्यांना जखमा होतात असं कागदावर होतं. तिसऱ्या दिवशी आईने तिचा औषध घोटायचा दगडी खल आणून पेटीत ठेवला. तो तिने विमानातून हातातल्या बॅगेत आणला होता आणि तीन वर्षांत एकदाही वापरला नव्हता. वॉल्टर खलाला वेटोळं घालून बसला, हनुवटी पाण्यात टेकवली, आणि गळ्याखाली बारीक हालचाल दिसायला लागली. आवाज अजिबात नाही. आई हातातले कपडे तसेच धरून बघत राहिली. "पितंय," ती म्हणाली. त्यानंतर रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी ती खल धुऊन भरायची. त्या घराचे आवाज मला आजही तसेच ऐकू येतात. एसीची घरघर, मध्येच फ्रिजमध्ये बर्फाचे तुकडे पडल्याचा खडखडाट, कुकरची शिट्टी, आणि मशीनच्या खोलीतून आईचं पुटपुटणं, "हं, सरक बाबा, सरक."

आमच्याकडे मांसमच्छी चालायची, पण श्रावणात नाही. श्रावण लागला की आई फ्रीझर रिकामा करून, सोड्याच्या पाण्याने पुसून, आत काही शिल्लक नाही ना हे टॉर्चने बघायची. बाबा श्रावण पाळायचे ते आईच्या धाकाने, आणि त्याची भरपाई आदल्या दिवशी गटारीला करायचे. महिनाभर मिळणार नाही म्हणून अमावस्येला पोट फुटेस्तोवर खाऊन घ्यायचं, एवढाच त्या सणाचा अर्थ. त्या वर्षी अमावस्या रविवारी आली. बाबा सकाळी ह्यूस्टनला जाऊन हलाल दुकानातून मटण घेऊन आले, आईने तांबडा रस्सा केला, ज्वारीच्या भाकरी केल्या, आणि शेजारच्या गल्लीतल्या पाटणकर काकू त्यांच्या फ्रीझरमधली सुरमई तळून घेऊन आल्या. काकू गिरगावच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि त्यांच्या घरी श्रावण नव्हताच.

जेवताना आई म्हणाली, "उद्यापासून ते उंदीर माझ्या फ्रीझरमध्ये नकोत. आणि घरात वितळवणंही नको."

"माझ्या गराजमध्ये ठेव गं," काकू म्हणाल्या. "सुरमईच्या शेजारी. तिला काय कळतंय."

"ठेवायचं ठीक आहे. पण जनावर खाणार काय? दहा दिवसांनी पुन्हा त्याची वेळ येणार."

"दूध दे की."

"काकू, साप दूध पीत नाही," मी म्हणाले. "त्याला पचत नाही. पाणी पितो फक्त."

"मग त्याचीही गटारी करा," बाबा रश्श्यात भाकरी चुरत म्हणाले. "आज त्याचा खायचा दिवस आहेच ना? एकाच्या जागी दोन द्या. पुढचा चुकला तरी बिघडणार नाही. आम्ही नाही का आज दोन दिवसांचं खातोय?"

सगळे हसले. मीही हसले. आणि मला ते पटलं, हे महत्त्वाचं. कागदावर 'एक' असं ठळक लिहिलेलं मी रोज बघत होते. पण भरल्या ताटासमोर बसलं की समोरच्याला एकच वाढणं कंजूसपणाचं वाटतं, आणि आमच्या घरात पाहुण्याला पहिल्या वाढीवर उठू दिल्याचं मला आठवत नाही. मी दोन उंदीर कोमट केले. वॉल्टरने पहिला गिळला. दुसरा मी चिमट्याने समोर धरला, तो थोडा थांबला, आणि तोही गिळला. त्याच्या अंगात दोन गाठी दिसत होत्या. बाबा दारातून म्हणाले, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पहिल्या श्रावणी सोमवारी, काकू उंदरांचा डबा न्यायला आल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांची भाची होती, नुकतीच मुंबईहून आलेली. तिला साप बघायचा होता. आई देवळात गेली होती. दोन दिवस हात लावायचा नाही हा नियम मला पाठ होता. पण माझ्या हातावर साप आहे आणि समोरचं माणूस तोंड उघडं टाकून बघतंय, असा प्रसंग तीन वर्षांत माझ्या वाट्याला आला नव्हता. मी झाकण उघडलं. पाच-सात मिनिटं वॉल्टर माझ्या मनगटावरून दंडापर्यंत गेला. तो जड होता आणि नेहमीसारखा सहज सरकत नव्हता. ते मला जाणवलं होतं, आणि तरीही मी त्याला लगेच खाली ठेवलं नाही.

बुधवारी सकाळी आईने मला हाक मारून उठवलं. मशीनच्या खोलीत असा वास सुटला होता की त्याचं वर्णन मी करणार नाही. दोन्ही उंदीर अर्धवट विरघळलेले बाहेर पडले होते आणि वॉल्टर गार टोकाला, खलापासून दूर, सैल पडून होता. मी त्याला स्पर्श केला तर त्याने जीभही बाहेर काढली नाही. आईने तोंडाला ओढणी बांधली, श्रावण आहे की नाही याचा एक शब्द न काढता सगळं पिशवीत भरलं, पेटी तीनदा धुतली, साबणाचा वास जाईपर्यंत पाणी ओतलं, कोरडा भुसा घातला, खल उकळत्या पाण्याने धुऊन भरला. मग तिने मला कागदाच्या खालच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. तिथे बाईंचा सुट्टीतला फोन नंबर होता.

"फोन कर."

"आई, नको. बरा होईल तो. त्यांना कळलं तर चावी—"

"काय दिलं, किती दिलं, कधी हात लावलास, सगळं सांग."

"हात लावला हे तुला कुणी सांगितलं?"

"पाटणकर काकू सांगतात ना सगळ्या गावाला." ती हात पुसत होती. "लॅबमध्ये लोक उपाशी पोटी आलोय म्हणून सांगायचे आणि चहा-बिस्कीट खाऊन आलेले असायचे. रिपोर्ट चुकीचा आला की औषध चुकीचं. खोटं ते बोलायचे, भोगायचं त्यांच्याच शरीराला. इथे खोटं तू बोलशील आणि भोगेल ते. त्याला तर बोलताही येत नाही."

मी आज एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. दिवसभर लोकांना विचारते की गोळी किती घेतली, कधी घेतली, आणि लोक माझ्याशी खोटं बोलतात. दोन घेतल्या असतील तर एक सांगतात. मी त्यांना रागावत नाही. मी फक्त पुन्हा विचारते.

फोन लागला. मिसेस ब्रुसार्ड त्यांच्या बहिणीकडे लुईझियानात होत्या, मागे कुत्रा भुंकत होता. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दोन का? आता गटारी इंग्रजीत कशी सांगायची हे मला सुचेना. मी म्हणाले की आमच्यात एक महिना मांस खात नाहीत, म्हणून तो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळे खूप खाऊन घेतात, आणि आम्ही त्यालाही खायला घातलं.

पलीकडून आवाज आला, "ओह. मार्डी ग्रा."

मला तेव्हा ते काय हे माहीत नव्हतं. त्यांनीच समजावलं. त्यांच्या गावातही चाळीस दिवसांच्या उपवासाआधी एक दिवस असंच खातात. "माझ्या वडिलांना दर वर्षी दुसऱ्या दिवशी पोटाचं औषध लागायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "नीट ऐक. तो तीन आठवडे उपाशी राहिला असता तरी त्याला काहीही झालं नसतं. सापाला उपवास जमतो. तुम्हाला तो बघवला नाही. आता बारा दिवस काही द्यायचं नाही. फक्त पाणी. बारा दिवसांनी एक अगदी लहान उंदीर, नेहमीच्या अर्ध्याहून लहान. तो पोटात राहिला तर वाचेल. तोही बाहेर आला तर मला फोन कर, पण मग मला फार आशा नाही."

चावीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

ते बारा दिवस आमच्या घराला फार जड गेले. स्वतः सोमवारी-शनिवारी साबुदाण्यावर राहणारी आई दिवसातून चारदा पेटीजवळ जाऊन म्हणायची, "वाळलंय गं. थोडंसं काही..." आणि मी म्हणायचे, "पाणी. फक्त पाणी." ती खलातलं पाणी दिवसातून दोनदा बदलायला लागली. मी रोज त्याला दह्याच्या रिकाम्या डब्यात घालून वजन करायचे, मग आईच म्हणाली, "रोज उचलू नकोस, त्यालाही त्रास. आठवड्याने बघ." तिने वहीत रकाने आखले. तारीख, पाणी, हालचाल, शी, वजन. पहिल्याच पानावर तिने मला लिहायला लावलं, 'एकाऐवजी दोन दिले. दुसऱ्या दिवशी हाताळला.' मी ते पेन्सिलने लिहिलं. तिने पेन पुढे केलं.

मधल्या शुक्रवारी नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत, तवा चढवत नाहीत. आईने पुरणाचे दिंड उकडले, पाटावर चंदनाने नाग काढला, लाह्या आणि दुर्वा वाहिल्या. बाबा म्हणाले, "खरा आत असताना चित्र कशाला?"

"तो शाळेचा आहे," आई म्हणाली.

पण पूजा झाल्यावर ती मशीनच्या खोलीत गेली, आणि मी डोकावले तर ती पेटीसमोर स्टुलावर बसून नुसती बघत होती. वॉल्टर त्या दिवशी पहिल्यांदा गरम टोकाला गेला होता.

बारावा दिवस सोमवारी आला. तिसरा श्रावणी सोमवार. मी बाबांना आदल्या रात्री म्हणाले की मंगळवारी देऊ, किंवा काकूंच्या गराजमध्ये नेऊन देऊ, म्हणजे घरात मांस यायला नको. आईने ऐकलं. "पेटी गाडीत घालून, उन्हातून, त्या गराजच्या भट्टीत? दोन दिवस हलवायचंसुद्धा नाही त्याला." मग म्हणाली, "श्रावण माझा आहे. त्याचा नाही."

सकाळी बाबा ऑफिसला गेले. आईने गाडी काढली. तिला लायसन्स मिळून दोन महिने झाले होते आणि ती फ्रीवेवर जात नसे, म्हणून आम्ही सगळे सिग्नल घेत घेत पाऊण तास गाडी चालवत पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. न्हालेले ओले केस, कपाळाला भस्म, सोमवारचा उपास, अशी माझी आई काउंटरवरच्या मुलाला म्हणाली, "स्मॉल. नो, स्मॉलर." त्याने करंगळीच्या पेराएवढा, केसही न आलेला गोठलेला उंदीर दाखवला. "यस," आई म्हणाली.

एवढ्याशा उंदराला रात्रभर वितळवायची गरज नव्हती; घरी आल्यावर मी तो मशीनशेजारच्या बेसिनमध्ये, जुन्या मगात, पिशवीसकट कोमट केला. आई दारात उभी राहून कागद मोठ्याने वाचत होती, एकेक ओळ, आणि मी करत होते. आतपर्यंत गरम आहे का? आहे. चिमटा? आहे. वॉल्टरने बराच वेळ काही केलं नाही. मी हात हलवला नाही, खांदा दुखायला लागला तरी. मग जीभ बाहेर आली, एकदा, दोनदा, आणि त्याने तो घेतला. इतका लहान होता की अंगावर गाठही दिसली नाही. मी झाकण लावून चिमटे बसवले. आई पुन्हा अंघोळीला गेली, मग देवापुढे दिवा लावला, आणि त्या दिवशी तिने साबुदाणाही खाल्ला नाही, फक्त पाणी प्यायली. का, ते मी विचारलं नाही.

मंगळवार गेला. बुधवारी सकाळी मी खोलीच्या दाराशी उभी राहून आधी वास घेतला. साबणाचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही. गुरुवारीही नाही.

शुक्रवारी, शाळा सुरू व्हायच्या आधी, सगळे प्राणी परत द्यायचे होते. आईने मला शाळेच्या दाराशी सोडलं. मिसेस ब्रुसार्ड यांनी वॉल्टरला वजनकाट्यावर ठेवलं. मे महिन्यापेक्षा अकरा ग्रॅम कमी भरला. त्यांनी ते लिहिलं. मग आमची वही उघडली आणि उभ्यानेच पहिल्या पानापासून वाचत गेल्या. 'दोन दिले' या ओळीवर थांबल्या, पुढे गेल्या. शेवटच्या पानावर सोमवारच्या रकान्यात आईने मराठीतून लिहिलं होतं आणि मी इंग्रजी करायचं विसरले होते.

"हे काय लिहिलंय?"

"एक लहान. गिळला," मी सांगितलं. "आणि खाली तीन दिवस तोच शब्द आहे. राहिला. राहिला. राहिला. म्हणजे पोटात राहिला."

त्यांनी तो शब्द माझ्यामागून एकदा म्हणून बघितला, बऱ्यापैकी चुकीचा. मग खल हातात घेऊन जोखला, पाण्याने भरला आणि वॉल्टरच्या पेटीत ठेवला. हा परत न्यायचा आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आई म्हणाली राहू दे, तो कलंडत नाही.

मी दाराकडे वळले होते. त्यांनी हाक मारली, टेबलाचा खण उघडला आणि पिवळ्या प्लास्टिकचं लेबल लावलेली चावी माझ्यासमोर धरली, पण लगेच सोडली नाही. दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं.

"एक," त्या म्हणाल्या.

"एक," मी म्हणाले.